त्र्याहत्तर ओरखडे

रक्त कधीही खोटं बोलत नाही.

हे वाक्य तणनाशक बाधा न्यायाधिकरणाच्या दारावर पितळी अक्षरांत ठोकलेलं होतं. त्याखाली एक कागद चिकटवला होता : 'यंत्र दुरुस्तीला गेले आहे. पुढच्या महिन्यात यावे.'

त्यामुळे उत्तम बिरांजे पुढच्या महिन्यात आले. तांबवेल नगरपरिषदेच्या उद्यान विभागातून निवृत्त झालेला माळी, उंचीने मुळातच बेताचा, आता वजनानेही. सोबत बायको शालन, तिच्या हातात मऊ भाताचा डबा, आणि दोन पावलं मागे त्यांचा बागकामातला जुना जोडीदार मुकुंद आवळे. उत्तमला लिंफोमा झाला होता. म्हणजे रक्तातल्या एका जातीच्या पेशींचा कॅन्सर. पुण्याच्या एका हॉस्पिटलात त्यावर उपचार निघाला होता. रोग्याच्याच पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना चार गोष्टी शिकवायच्या आणि परत अंगात सोडायच्या. शंभरातले सत्तर बरे होत. हा उपचार माळ्याच्या आवाक्यातला नव्हता. पण बाधा नोकरीत झाली असं न्यायाधिकरणाने म्हटलं, तर तो तणनाशकाच्या कंपनीने फुकट करून द्यायचा, असा कायदा २०४० साली झाला होता. डॉक्टरांनी उत्तमला तीन महिने दिले होते. त्यातला एक यंत्राच्या दुरुस्तीत गेला.

यंत्राचं नाव रक्तघड्याळ. ते कसं चालतं हे न्यायाधिकरणाच्या तज्ज्ञ डॉ. भडकमकर बाई दर सुनावणीला नव्याने समजावून सांगत, कारण अध्यक्ष दर सुनावणीला नव्याने विसरत.

"हाडांच्या मगजात रक्ताच्या मूळ पेशी असतात," बाई म्हणाल्या. "पेशी दुभंगते तेव्हा स्वतःची नक्कल उतरवते. आणि तलाठी कार्यालयातल्यासारखंच, प्रत्येक नकलेत एखादी चूक राहते. ह्या साध्या चुका ठरावीक गतीने साठत जातात. विष अंगात गेलं की ते मात्र स्वतःच्या खास पद्धतीची चूक करून जातं. त्याला आम्ही ओरखडा म्हणतो. 'निस्तृण' ह्या तणनाशकाचा ओरखडा वेगळा, तंबाखूचा वेगळा. ओरखड्यानंतर किती साध्या चुका साठल्या ते मोजलं की तो कधी पडला ते कळतं."

"दिवसासकट?" अध्यक्षांनी विचारलं.

"एका पेशीला विचारलं तर ती वर्षभर इकडेतिकडे सांगेल. लाख पेशींना विचारलं की दिवस सापडतो. रस्त्यात एकाला वाजले किती विचारा, तो चुकेल. अख्ख्या बाजाराला विचारा, बाजार चुकत नाही."

घड्याळ केव्हा आणि कशाने हे सांगे. कुठे, हे सांगत नसे. कुठे यासाठी नगरपरिषदेचं हजेरीचं मस्टर होतं.

उत्तमच्या रक्तात निस्तृणचे एकशे एकोणपन्नास ओरखडे निघाले. शहात्तर तारखा मस्टरमधल्या त्याच्या फवारणीच्या पाळ्यांशी तंतोतंत जुळल्या. उरलेल्या त्र्याहत्तर दिवशी मस्टरप्रमाणे तो सुटीवर होता.

कंपनीच्या वकील केतकी रणभिसे उठल्या. आवाज अगदी मऊ, आजारी माणसाला भेटायला आल्यासारखा.

"बिरांजे, निस्तृणच्या डब्यावर लिहिलंय की एका माणसाने वर्षात चारपेक्षा जास्त वेळा फवारू नये. नगरपरिषदेने तुम्हाला चारच वेळा पाठवलं. २०२० पासून एकोणीस वर्षं, शहात्तर वेळा. मग सुटीच्या दिवशी कुणाच्या रानात फवारायला जात होता?"

"कुणाच्या न्हाई."

"मग हे त्र्याहत्तर आले कुठून?"

उत्तमने पंख्याकडे पाहिलं. "आठवत न्हाई."

"त्या सगळ्या दिवशी बागेत फवारणीची पाळी कुणाची होती?" रणभिसे बाईंनी विचारलं.

शिपायाने मस्टर उघडलं. "मुकुंद आवळे."

मुकुंद उभा राहिला.

"तुमच्या पाळीला तुम्हीच फवारत होता ना?"

मुकुंदने उत्तमकडे पाहिलं. उत्तमने मान हलवली, इतकी बारीक की एकोणीस वर्षं एकाच बागेत राबलेल्या माणसालाच दिसावी. हो म्हण.

"व्हय," मुकुंद म्हणाला.

खरी गोष्ट अशी होती की मुकुंद माळी पोटासाठी होता. मनाने तो क्लॅरिनेटवाला होता. लग्नाच्या बँडमध्ये त्याने एकदा सूर धरला की नवरदेवाचं घोडंसुद्धा चाल बदलत असे. अडचण एवढीच की लग्नं भरपूर आणि रजा मोजक्या. यावर मुकादमांनी तोडगा काढला. मुकुंदच्या फवारणीच्या पाळ्या पंचांग बघून लग्नाच्या मुहूर्तांवर लावायच्या. फवारणीच्या दिवशी वासामुळे एकही साहेब बागेकडे फिरकत नसे, त्यामुळे पंप कुणाच्या पाठीवर आहे हे विचारायला कुणी नसे. गाजरगवत उगवायला मुहूर्त बघत नाही. तांबवेलमध्ये ते फवारून घ्यायला मुहूर्त बघे.

पंप असे उत्तमच्या पाठीवर. सही मुकुंदची, तीही उत्तमनेच केलेली. एकोणीस वर्षांत मुकुंदने स्वतः पंप उचलला तो तीनदा, २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये, लग्नं बंद होती म्हणून. मुकादम आता हयात नव्हते.

बदल्यात उत्तमला काय मिळालं, तर रविवार संध्याकाळची सुटका. बागेत काळोख पडला की झुडपाआडच्या जोडप्यांना उठवायची ड्युटी उत्तमकडे आली होती आणि ती त्याला मरणाहून जड जाई. तो झुडपाजवळ जाऊन खाकरे आणि परत येई. एकदा तर एका जोडप्याला तहान लागली असेल म्हणून पाणी देऊन आला होता. ती ड्युटी मुकुंदने घेतली. विष चालेल, पण कुणाच्या प्रेमाच्या मधे पडायला नको, असं उत्तमचं साधं मत होतं.

सुनावणी संपल्यावर तिघं समोरच्या चहाच्या गाड्यावर बसले.

"उत्त्या, मी पुढच्या सुनावणीला सांगतो खरं काय ते," मुकुंद म्हणाला.

"गप बस. पेन्शन बंद करतील तुझी. वर खोट्या सह्या म्हणून आत टाकतील. ह्या वयात काय फडकं टाकून वाजवत बसणार हाईस काय एसटी स्टँडवर?"

"आणि तू?"

"मी काय. शंभरातली तीस जाणारीच हाईत म्हणे. कुणीतरी जायालाच पायजे की त्या तिसात."

इतका वेळ शालन बशीतला चहा नुसता हलवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "भावजी, एक विचारू? दुसऱ्यांच्या वरातीत वाजवायला गेलासा म्हणून आमच्या मालकांवर ही पाळी आली. आता ह्यांना शेवटचं नेताना तरी पुढं वाजवशीला, का तवाबी तुमचा मुहूर्त असंल?"

"शालन!" उत्तम ओरडला, आणि त्याला खोकला आला. मुकुंदच्या हातातला चहा धोतरावर सांडला. भाजलं असावं, पण त्याने पुसला नाही.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. रेखा भाजी निवडत होती.

"म्हणजे सांगणार तुम्ही?"

"सांगतो."

"पेन्शन जाणार?"

"जाणार."

रेखाने मेथीची जुडी उलटी केली, पिवळी पानं काढली. "मग परवाच्या सुनावणीआधी दात बसवून घ्या. पेन्शनीचं दवाखान्याचं कार्ड चालू हाय तवर. कबुलीजबाब बोळक्या तोंडानं दिला तर निम्मा कळणारबी न्हाई त्यास्नी."

एवढीच तिची परवानगी होती. ती देताना तिने निवडलेली मेथी आणि कचरा दोन्ही एकाच टोपलीत टाकली.

दुसऱ्या सुनावणीला मुकुंद नव्या दातांनिशी उभा राहिला आणि सगळं बोलला. मुकादम, पंचांग, सह्या, झुडपाआडची जोडपी, काही ठेवलं नाही. बोलून झाल्यावर त्याला वाटलं होतं की सभागृहात खळबळ उडेल. शिपायाने फक्त खिडकी लावून घेतली.

"पुरावा?" रणभिसे बाईंनी विचारलं.

"फोटो हाईत की. लग्नांचे व्हिडिओ हाईत. तारखेसकट."

"आवळे, फोटो आणि व्हिडिओ २०३४ पासून पुराव्यात धरत नाहीत. माझ्या भाच्याने परवा मला हत्तीवर बसवलंय. मी कधी हत्ती पाहिलेलाही नाही."

"बँडवाली माणसं सांगतील."

"तोंडी साक्ष. रक्त आणि दप्तर यांच्यापुढे ती गौण आहे."

मुकुंदने सदऱ्याची बाही वर केली. एवढी चांगली कल्पना त्याला आयुष्यात दुसरी सुचली नव्हती.

"मग माझं रक्त घ्या. मी फवारलंच न्हाई तर माझ्या रक्तात कुठनं येणार? तीन ओरखडे निघतील, लॉकडाऊनचे. बाकी कोरं. मग तर कळंल पंप कुणाच्या पाठीवर हुता ते?"

उत्तमचे विधी सेवेचे वकील गवंडे, जे आतापर्यंत झोपल्यासारखे बसले होते, खुर्चीवरून उठलेच. अध्यक्षांनाही मुद्दा समजला. रणभिसे बाईंच्या चेहऱ्यावरचा मऊपणा पहिल्यांदाच थोडा कडक झाला. शालनने डोक्यावरचा पदर सावरला आणि मुकुंदकडे पाहून हात जोडले. परत जाताना गाडीत तिने त्याला डब्यातला भात दिला. उत्तम म्हणाला, "नालायका, पेन्शन घालवलीस," आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ नाक शिंकरत राहिला.

निकालाला तीन आठवडे लागले. उत्तमकडे आता एक महिना उरला होता. हॉस्पिटलने खाट राखून ठेवली होती.

डॉ. भडकमकर बाईंनी कागद वाचला. "मुकुंद आवळे. निस्तृणचे एकूण दोनशे अकरा ओरखडे."

सभागृहात कुणीतरी पेन खाली टाकलं. ते घरंगळत कुठे गेलं तेही ऐकू आलं.

"मस्टरमधल्या त्यांच्या शहात्तर पाळ्यांपैकी चौऱ्याहत्तर तारखा जुळतात."

"न्हाई," मुकुंद म्हणाला. "काय तरी चुकतंय. बाई, दुसऱ्या कुणाचं तरी रक्त हाय हे."

"दोनदा तपासलंय."

"अवो, मी नव्हतोच तिथं! माझ्या हातात क्लॅरिनेट हुतं!"

"ते मला सांगता येणार नाही. त्या दिवशी निस्तृण तुमच्या अंगात गेलं, एवढं मी सांगते."

मुकुंदने वळून उत्तमकडे पाहिलं. उत्तम त्याच्याकडे असं बघत होता जसं माणूस आपल्याच घराला बाहेरून कुलूप पाहून बघतो. ज्या माणसासाठी त्र्याहत्तर वेळा पंप उचलला तो खरंच लग्नात होता का, हा प्रश्न त्याच्या डोळ्यांत येऊन गेला. गेला, पण मुकुंदने तो पाहिला.

"बाकीचे एकशे सदतीस?" गवंडे वकिलांनी धडपडून विचारलं. "ते कुठले? तेही सुटीच्या दिवशीचेच ना?"

"ते आम्ही बघत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"बिरांजेंचे बघितले!"

"बिरांजे अर्जदार आहेत. आवळे साक्षीदार आहेत. साक्षीदाराचं फक्त जुळतं का ते बघायचं असतं."

जुळत होतं.

दोन दिवस मुकुंद जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने न जुळलेल्या दोन तारखा कागदावर लिहून घेतल्या आणि जुन्या बँडमास्तरांच्या वहीत शोधल्या. दोन्ही लग्नं नगरपरिषदेच्या सांस्कृतिक हॉलमध्ये झाली होती. फरशीवर.

बाकी सगळी लॉनवर.

तो तसाच उठून गावाबाहेरच्या लॉनवर गेला. दुपारी लग्न होतं. मांडवाचं कापड अजून बांधायचं होतं आणि एक माणूस पाठीवर पंप घेऊन हिरव्यागार गवताच्या कडेकडेने, मग वाटांवरून, मग जिथे बँड उभा राहतो त्या कोपऱ्यातून फवारत चालला होता. कोपऱ्यात नारिंगी डबा होता. त्यावरचं नाव मुकुंदला लांबूनही वाचता आलं.

"हे रोज मारता?"

"लग्न असंल त्या सकाळी. गोखरूचे काटे टोचत्यात पावण्यांच्या पायात. बँडच्या कोपऱ्यात जास्तच मारावं लागतंय, तिथं कोण गालिचा टाकत न्हाई."

"कवापास्नं?"

"लॉन झाल्यापास्नं. का वो काका, कुठली सोयरीक?"

मुकुंद त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. एकोणीस वर्षं तो इथे उभा होता. वऱ्हाड यायला उशीर झाला की इथेच मांडी घालून बसला होता, इथेच पत्रावळ गवतावर ठेवून हाताने जेवला होता. आणि क्लॅरिनेट वाजवायचं म्हणजे पोटातून श्वास ओढावा लागतो. बँडमध्ये त्याच्याएवढा खोल श्वास दुसरा कुणी घेत नसे, याचा त्याला अभिमान होता. त्याने आता श्वास रोखून धरला. किती वेळ रोखायचा हे न कळून सोडला.

दोघांच्याही अंगात एकच विष गेलं होतं. उत्तमच्या हाडांच्या मगजातली एक पेशी नेमकी चुकीच्या जागी ओरबाडली गेली, मुकुंदची तशी कुठली गेली नाही. यामागे कसलाही न्याय नाही, असं भडकमकर बाईंनी नंतर जिन्यात सांगितलं. एरवी त्या एवढ्या स्पष्ट बोलत नसत.

लॉनच्या मालकांनी मात्र लेखी कळवलं की आमच्याकडे कोणतंही रसायन वापरलं जात नाही, आमचं गवत नैसर्गिकरीत्याच सुंदर आहे. फवारणाऱ्या माणसाचं नाव त्यांच्या कुठल्याच मस्टरवर नव्हतं.

अंतिम आदेश सहा पानांचा होता. रक्त आणि मस्टर यांचा अपूर्व मेळ बसल्याबद्दल त्यात समाधान व्यक्त केलं होतं. मुकुंद आवळे यांनी आपल्या सर्व पाळ्या प्रामाणिकपणे केल्या हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालं असून, त्यांचा कबुलीजबाब हा आजारी मित्राच्या प्रेमापोटी केलेला खोटेपणा आहे. तो उदार मनाने माफ करण्यात येत आहे. पेन्शन चालू राहील. भविष्यात त्यांना लिंफोमा झाल्यास उपचाराची जागा त्यांच्या नावे राखीव राहील, ती दुसऱ्यास देता येणार नाही. बिरांजे यांची नोकरीतली बाधा डब्यावरच्या मर्यादेत आणि जादा बाधा खासगी असल्याने अर्ज नामंजूर.

"तुझ्या नावावर मला जाता येतंय का बघू," उत्तम म्हणाला. तो पलंगावर पडून होता. "एवढी वर्षं तुझ्या नावावर फवारलंच की."

"दारातच रक्त घेत्यात," मुकुंद म्हणाला. त्याने खरंच चौकशी केली होती.

"मग ऱ्हायलं." उत्तम थोडा वेळ छताकडे बघत हसला. "पण मुक्या, कमाल झाली गड्या. सबंध नोकरीत तू कामावर हजर हुतास असं पहिल्यांदाच कुणीतरी सिद्ध केलं. तेबी कोर्टानं."

मुकुंदला हसायला येत नव्हतं. "त्या दिवशी तुला वाटलं ना? का मी लबाड बोललो म्हणून?"

"वाटलं," उत्तम म्हणाला. "घटकाभर. यंत्रच सांगाय लागल्यावर माणूस काय करंल?" मग हात पुढे करून त्याने मुकुंदचं मनगट धरलं. पकडीत जोर राहिला नव्हता. "वाजव काहीतरी. पण खिडकीत उभा ऱ्हा. हितं वास येतोय औषधांचा."

मुकुंदने वाजवलं. मधेच दोनदा श्वास तुटला. शालन दारात उभी राहून ऐकत होती, तिने काही टोमणा मारला नाही. ते मुकुंदला सगळ्यात जास्त लागलं.

उत्तम बिरांजे अकरा दिवसांनी वारले. गवंडे वकिलांनी अपील केलं होतं ते त्यानंतर आठवड्याने सुनावणीला लागलं आणि अर्जदार हजर नसल्यामुळे निकाली निघालं.

अपिलाच्या कागदांत कृषी महाविद्यालयाचा एक अहवाल जोडलेला होता. त्यानुसार तांबवेलमधल्या गाजरगवतावर २०२३ सालापासून निस्तृणचा काहीही परिणाम होत नव्हता.